खटका पाडण्याआधी

माझा हात लागलेला माउस सरांनी सगळ्यांसमोर पुसला. ओल्या फडक्यानं. आधी वरून, मग खालून, मग त्याची वायरसुद्धा. फडकं माझ्या पायाशी टाकलं आणि म्हणाले, "जा, ताग्यांना चिठ्ठ्या बांध. इथं डोकं लागतं."

माझ्यासोबतच्या चार बायका बघत होत्या. शेठ मोबाईलमध्ये बघत होते. मी फडकं उचललं. का उचललं, याचा राग मला अजून येतो.

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचं कापडाचं गोडाऊन आहे. लूमवरून तागे येतात. आम्ही ते तपासतो, घडी घालतो, चिठ्ठी बांधून फळीवर लावतो. त्याआधी मी लूमवर कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यातल्या कांड्यांवर सूत गुंडाळायचे. दहावी बाहेरून केली. कुठला तागा कुठल्या फळीवर, किती मीटर, कुठल्या लूमचा, सगळं मला तोंडपाठ. रजिस्टर चुकेल, मी न्हाय. म्हणूनच कॉम्प्युटर आला तेव्हा शेठ स्वतः म्हणाले, महिनाभर सरांकडे शीक, जमलं तर ही खुर्ची तुझी.

खुर्ची म्हणजे पाठ टेकायला असलेली खुर्ची. अकरा वर्षं जमिनीवर बसून माझे गुडघे कामातून गेलेत. मला ती पाहिजेच होती.

सर म्हणजे ऑफिसातले जुने कारकून. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. त्यावरून काही कळेना, म्हणून गाव विचारलं. वडप्याकडची म्हटल्यावर, गावात राहता कुठं? मी सांगितलं, बौद्धवाड्यात. मग पुढं काही विचारलं नाही. आपलं स्टूल तेवढं हातभर लांब सरकवलं.

शिकवणं कसलं, कप्पाळ! हे दाब, ते दाब. फोल्डर उघड. ब्राउझर बंद कर. ब्राउझर म्हणजे काय, असं विचारलं की म्हणायचे, "तुला समजून काय करायचंय?" माझा नुसता जीव चरफडायचा. समजल्याशिवाय माझा हातच चालत नाही, त्याला मी काय करू? शेवटी कोऱ्या चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहून घरी न्यायचे आणि माझी मीच अर्थ लावायचे. फोल्डर म्हणजे फळी. फाईल म्हणजे फळीवरचा तागा. इंटरनेट म्हणजे गावोगावच्या गोडाऊनांना जोडणारा रस्ता, आणि ब्राउझर म्हणजे त्या रस्त्यावरून नेणारी रिक्षा. पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली. ती सरांच्याच खिशात. रोज सकाळी ते उघडून देणार, तेव्हा मी बसणार.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सर हळदीला जायचं म्हणून लवकर निघाले. मी एकटीनं दिवसभराचा सगळा माल कॉम्प्युटरवर चढवला. एकेक तागा, एकेक मीटर. बोटं दुखली, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू. सहा वाजता सगळ्या गेल्या. शेवटची मी, रोजच्यासारखी. आणि आमच्याकडं लूम असो की गोडाऊन, शेवटच्या माणसानं मेन खटका पाडल्याशिवाय दाराला कुलूप लावायचं नाही. सुताचा भुसा सगळीकडं असतो, एक ठिणगी पुरते. आईनं मला कांडी भरायच्या आधी हे शिकवलं होतं. मी खटका पाडला. स्क्रीन काळी झाली. मला काही वाटलं नाही. वाटायचं कशाला? लाईट गेली म्हणून विणलेलं कापड कधी उसवतं का? लूम थांबतो, लाईट आली की तिथूनच पुढं चालतो.

सकाळी बघते तर पान कोरं. एक ओळ नाही. सर सगळ्यांना हाका मारून दाखवत होते. साधं सेव्ह करता येत नाही हिला, म्हणाले. मी म्हटलं, "सर, सेव्ह करायचं तुम्ही मला कधी सांगितलंत?"

"असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. त्या घरातून येतात."

आणि मग त्यांनी माउस पुसला.

मी शेठना म्हटलं, कालचा सगळा माल मला पाठ हाय, परत टाकते. शेठ म्हणाले, सरांना सांग. सरांनी मला टेबलापासून लांब उभं केलं. मी एकेक तागा बोलत गेले, ते टाइप करत गेले. दुपारपर्यंत. एक मीटर इकडंतिकडं झाला नाही. माझं डोकं चालत होतं त्यांना. हात तेवढा नको होता.

कोपऱ्यात चिठ्ठ्या बांधताना मला रडू आवरेना. शेजारची शबाना एवढंच म्हणाली, "रो मत. सीख ले।" मी तिच्यावरच खेकसले, कुणाकडून शिकू?

पुढच्या सोमवारी खुर्चीवर सरांची भाची आली. पोरगी साधी होती, तिच्यावर माझा राग नाही. सरांनी आपलं स्टूल तिच्या अगदी जवळ ओढलं. मी तिथून चार पावलांवर चिठ्ठ्या बांधत होते. दहा मिनिटंही झाली नसतील. सर तिला म्हणाले, "हे बघ बाळा, मधेमधे सेव्ह करत जायचं. म्हणजे मशीनला सांगायचं, एवढं जपून ठेव. नाहीतर लाईट गेली की गेलं सगळं."

माझ्या हातातला दोरा तिथंच राहिला. म्हणजे सांगता येत होतं! दोन वाक्यांत, सरळ मराठीत. आणि त्यांच्या घरातल्या पोरीलाही ते सांगावंच लागलं होतं. मग माझ्या घराचा उद्धार कशासाठी केला होता?

मी उठले. एक कोरी चिठ्ठी घेतली, पेन घेतलं आणि खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिले. सर वळले. तुझं काय काम इथं, म्हणाले.

"शिकतेय. पुढं सांगा."

त्यांनी शेठकडं बघितलं. शेठनी मोबाईलमध्ये बघितलं. सर बोलायचे थांबले. कामावरून काढतील हे दिसत होतं, तरी मी हलले नाही. शेवटी भाचीनंच विचारलं, मामा, कॉपी म्हणजे काय? तिला तर सांगावंच लागलं. मी लिहून घेतलं.

तेव्हापासून रोज उभी राहते. सर तोंडातल्या तोंडात बोलतात, मी मोठ्यानं परत विचारते. जेवणाच्या सुट्टीत त्या चिठ्ठ्या शबानाला आणि बाकीच्या तिघींना वाचून दाखवते. न समजता त्यांनी एकही शब्द पुढं जाऊ द्यायचा नाही, असं मी बजावलंय.

मेन खटका पाडायचं काम अजून माझंच आहे. सहा वाजले की मी खटक्यावर हात ठेवते आणि सगळ्यांच्या देखत विचारते, सर, सेव्ह केलंत? त्यांना उत्तर द्यावं लागतं. ते हो म्हणेपर्यंत मी खटका पाडत नाही आणि कुणाला बाहेर पडू देत नाही.

महिना माझा होता, तो पुरा झालेला नाही. राहिलेला आठवडा आणि ती पासवर्डची किल्ली मी शेठकडं रोज मागते. देईपर्यंत मागणार. आणि त्या माउसवर माझा हात पडेल, तेव्हा तो कुणालाही पुसू देणार नाही.