सविताबाईंचा डावा पाय

सविता नवनाथ गांगुर्डे यांनी उपनगर भागापासून पंचवटीपर्यंत किती तान्ही बाळं न्हाऊ घातली, हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पोटऱ्यांवर बाळ आडवं घ्यायचं, तेल जिरवायचं आणि कोमट पाणी सोडायचं. बाळाने घर डोक्यावर घेतलं तरी बाईंचे पाय जागचे हलत नसत. तेच पाय आरटीओच्या ट्रॅकवर मात्र दोनदा दगा देऊन बसले. दोन्ही नाही, एकटा डावा. या पायाची हकिगत सांगायची म्हणजे आधी लुनाबद्दल सांगायला हवं.

लुना म्हणजे पायडलवाली मोपेड, नवनाथरावांची. अंबडच्या कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर त्यांनी बायकोला घरोघर पोचवण्याचं काम हौसेने अंगावर घेतलं होतं. ते पुढे, बाई मागे, दोन्ही पाय डावीकडे सोडून एका अंगावर बसलेल्या, मांडीवर तेलाच्या बाटल्यांची पिशवी. त्या लुनाला इंडिकेटर नावाचा प्रकारच नव्हता. मग उजवं वळण आलं की नवनाथराव म्हणायचे, "हात." आणि मागून बाईंचा बांगड्यांचा हात सरळ बाहेर यायचा. द्वारकेच्या चौकात ट्रक, रिक्षा, बस सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले असत, पण तो हात बाहेर आला की कुणीतरी थांबायचंच. या जोडीत गाडी नवऱ्याची होती आणि दरारा बायकोचा.

मग साखरेने नवनाथरावांचे डोळे धरले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, की आता गाडी चालवायची नाही. नवनाथरावांनी घरी येऊन लुनाची किल्ली देवळीत ठेवली.

बाईंची खरी पंचाईत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. शेअर रिक्षा भरेपर्यंत सुटत नाही आणि बाळ काही रिक्षा भरायची वाट बघत नाही. बाई पोचेपर्यंत ते रडून, दूध पिऊन झोपलेलं असे. झोपलेल्या बाळाला उठवून आंघोळ कोण घालणार? पंचवटीतल्या एका घरातल्या आजीने शेवटी सांगून टाकलं, "मावशी, वेळेवर जमत नसेल तर तसं सांगा. आम्ही दुसरी बाई बघतो."

आयुष्यभर कमावलेली घरं अशी एकेक करून जाणार हे बाईंना लख्ख दिसलं. त्या घरी आल्या आणि देवळीतली किल्ली काढून म्हणाल्या, "अहो, मी शिकते."

सल्ले द्यायला सगळी कॉलनी हजर. कुणी म्हणालं, लायसन्स न लागणारी हळू चालणारी बॅटरीची गाडी घे. कुणी म्हणालं, ओळखीचा एजंट आहे, परीक्षेची कटकटच नाही. बाई भडकल्या. "लोकं आपलं तान्हं लेकरू माझ्या हातात देतात. आणि मी चोरून मिळवलेलं लायसन्स घेऊन फिरू? नाय जमायचं. आणि घरात धडधाकट लुना असताना दुसरी गाडी कशाला?"

चाळिशी उलटलेली, म्हणून डॉक्टरचा दाखला लागला. तो मिळाला. शिकाऊ लायसन्सची कॉम्प्युटरवरची परीक्षा तर बाईंनी हसत हसत मारली. रस्त्यावरच्या खुणांच्या पाट्या डाव्या हाताला असतात आणि बाई इतकी वर्षं डावीकडेच तोंड करून बसल्या होत्या. दुसरं काय वाचणार होत्या त्या?

लुनाला पुढेमागे लाल 'एल' लागला. आता शिकाऊ माणसाच्या मागे बसायचं तर बसणाऱ्याकडे पक्कं लायसन्स हवं, असा नियम. कॉलनीत रोज रिकामा असलेला आणि पक्कं लायसन्स खिशात बाळगणारा माणूस एकच निघाला. त्या दिवशी नवनाथरावांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तेज आलं.

"अहो, पण तुम्हाला दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

"दिसायचं काम तुझं. मी गुरू आहे," नवनाथराव मागे बसत म्हणाले.

कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या पटांगणात शिकवणी सुरू झाली. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, म्हणून बाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा वेणी घातली. सरळ चालवणं आलं, ब्रेक आला, थांबणं आलं. बाईंना वाटलं, आता काय, लायसन्स आपलंच.

आरटीओच्या ट्रॅकवर आठाचा आकडा काढायचा असतो, जमिनीला पाय न लावता. उजवं वेटोळं बाईंनी असं झोकात घेतलं की रांगेतली कॉलेजची पोरं बघत राहिली. डाव्या वेटोळ्यात शिरल्या आणि डावा पाय धप्पकन खाली. तपासणारे साहेब वयाने तरुण होते, पण काटेकोर. "मावशी, पाय टेकला. पुन्हा तारीख घ्या."

दुसऱ्या वेळी बाईंनी मनातल्या मनात पायाला दटावलं. उजवं वेटोळं तसंच देखणं, डाव्यात पुन्हा पाय खाली. साहेब या वेळी जरा हळहळले. "अजून एक संधी आहे. तिच्यात नाही झालं, तर दोन महिने पुन्हा परीक्षा देता येणार नाही."

दोन महिने! दोन महिन्यांत हातातली निम्मी बाळं बसायला लागतील, मग न्हाऊ घालणारी बाई कुणाला हवी? पंचवटीच्या आजीने तर तोवर दुसरीच बाई धरली असती, आणि तिचं बघून बाकीच्यांनी. बाई घरी येऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि पोळ्या लाटता लाटता रडल्या. इतक्या बाळांना सांभाळणारा आपला पाय आपलं ऐकत नाही, याचा त्यांना संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी पटांगणात नवनाथराव मागे बसले. डोळे मिटून घेतलेले. दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "थांब. कळलं मला. तू अजून मागेच बसलीयेस."

"म्हणजे?"

"अगं, एवढी वर्षं तुझं वजन पाठीशी घेऊन गाडी चालवली मी. पाय डावीकडं सोडायचीस, म्हणून अंग उजवीकडं कलतं ठेवायचीस. तशीच कलतेस अजून. गाडी डावीकडं झुकली की तुझं अंग घाबरतं. आणि गाडी हळू झाली की उतरायला डावा पाय काढायचीस, तो तसाच सुटतो."

बाई गाडीवरून उतरून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नवऱ्याला समोरचा माणूस धड ओळखू येत नाही आणि पाठमोऱ्या बायकोचं अंग मात्र वजनावरून वाचता येतं! त्यांना हसू आलं.

"मग आता?"

नवनाथरावांनी उपाय काढला तो ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला. नवनाथराव लुनावर एका अंगावर बसले, बायका बसतात तसे, पण पाय उजवीकडे सोडून. त्यांचं सगळं वजन उजवीकडे गेलं. आता गाडी सरळ ठेवायची तर बाईंना डावीकडे कलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

संध्याकाळी कॉलनीला फुकटचा तमाशा मिळाला. बायको हेल्मेट घालून लुना हाकतेय आणि गांगुर्डे मागे गुडघे जुळवून उलट्या बाजूने बसलेत. विहाराच्या पायरीवरून म्हाताऱ्या सखुबाई ओरडल्या, "नवनाथ, पदर घे रं डोक्यावर!"

"तुझाच दे की मावशी!" नवनाथराव जराही न लाजता ओरडले.

रोज हसू झालं, रोज फेऱ्या झाल्या. हळूहळू बाईंचं अंग डावीकडे मोकळं होऊ लागलं. मग नवनाथराव नीट बसू लागले, मग खाली उतरून बाजूला उभे राहिले आणि नुसत्या आवाजावरून सांगू लागले, "आता बरोबर. आता घाबरलीस. आता परत बरोबर."

तिसऱ्या वेळी बाई ट्रॅकवर गेल्या. पायडल मारलं, लुना फटफटली. उजवं वेटोळं झालं. डावं आलं. गाडी झुकली, बाई तिच्याबरोबर झुकल्या. डावा पाय सुटू पाहत होता, पण बाळ पोटऱ्यांवर असल्यासारखा जागच्या जागी राहिला. वेटोळं मिटलं. साहेबांनी अंगठा वर केला आणि बाईंनी एवढ्या मोठ्याने "झालं हो!" अशी आरोळी ठोकली की कुंपणाबाहेर उभ्या नवनाथरावांनी न बघताच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

कार्ड पोस्टाने येईपर्यंत बाईंनी 'एल' काढू दिला नाही. कार्ड आलं तशी ते सगळ्या कॉलनीत फिरवलं, सखुबाईंच्या तर हातातच दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नवनाथरावांनी 'एल'च्या लाल पट्ट्या नखाने खरवडून काढल्या, कुठे राहिलं तर नाही ना हे अंगठ्याने चाचपून बघितलं आणि फडकं घेऊन बाजूला झाले.

"जा मग," ते म्हणाले. "आता गुरूची गरज नाही. कायद्याने मोकळी झालीस तू."

बोलताना त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण ते काही बाईंना फसवू शकणार नव्हते. बाईंनी तेलाच्या बाटल्यांची पिशवी नवऱ्याच्या हातात दिली.

"असे उभे काय राहिलात? बसा मागे."

"मी कशाला?"

"कशाला म्हणजे? द्वारकेला उजवीकडं वळायचंय. दोन्ही हात माझे हँडलवर. मग हात कोण दाखवणार?"

नवनाथराव पिशवी मांडीवर घेऊन बसले. या वेळी नीट, दोन बाजूंना दोन पाय सोडून. द्वारकेचा चौक नेहमीसारखाच भरून वाहत होता. पंचवटीकडचं वळण आलं, बाई म्हणाल्या, "हात." मागून नवनाथरावांचा हात खांद्यापासून सरळ बाहेर आला, मागचा ट्रक करकचून थांबला आणि सविताबाईंनी लुना रुबाबात वळवली.