काकाची न उतरलेली परांची

आमचा काका परांच्या बांधायचा. इमारतीला प्लास्टर-रंग करताना बाहेरून बांबू-फळ्यांचा सांगाडा उभा करतात ना, ती परांची. काम संपलं की सोडायची, दोर गुंडाळायचे, चालू लागायचं. अर्धं गाव त्याच्या परांचीवर चढून उभं राहिलं, पण त्याचं म्हणून कुठे काही उरलं नाही. आमच्या मागच्या खोलीत तो चार दिवसांसाठी म्हणून आला आणि वर्षानुवर्षं फोल्डिंगच्या कॉटवर झोपला. लग्नाचं काढलं की म्हणायचा, "कायमचं काही आपल्याला झेपत नाही बाबा." आई म्हणायची, त्याच्या नादी लागू नका. मी मात्र लागायचे.

तर हा माणूस समोरच्या इमारतीची परांची काही केल्या उतरवेना. प्लास्टर झालं, रंग झाला, गवंडी दुसऱ्या कामावर गेले. काका आपला रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतोय. का, तर म्हणे कोपऱ्यात ओल दिसते. ओल कसली डोंबलाची. तिथल्या खिडकीत शिवणवाल्या बाई मशीन चालवत बसायच्या, आणि त्या खिडकीतून चहाचा कप बाहेर यायचा. सगळ्या गल्लीला कळलं होतं, काकाला सोडून. आम्ही बहिणी गॅलरीत हसून हसून लोळायचो.

शेवटी घरमालकाचं डोकं फिरलं. "संध्याकाळपर्यंत हा पसारा काढ, नाहीतर मी तोडून टाकतो." काकाचं तोंड एवढंसं झालं. परांची गेली की चहा गेला, बाई गेल्या. जन्मात पहिल्यांदा त्याला काहीतरी राहायला हवं होतं, आणि ते उतरवायचं कुणी, तर त्यानंच.

वरून एकेक फळी काढत काका खिडकीपाशी आला आणि थबकला. आम्ही गॅलरीच्या कठड्यावरून वाकलो.

"ही फळी काढली की संपलं," तो म्हणाला. "उद्यापासून यायला काही जमायचं नाही."

बाईंनी मशीन थांबवलं. "अहो, मला दार आहे. जिना चढून या की." मग म्हणाल्या, "पण परत जायचं असेल, तर चढू नका."

काका सरसर उतरला आणि आमच्याकडे न बघता समोरच्या जिन्यात शिरला. खालचे बांबू तसेच राहिले. घरमालक बोंबलत होता आणि मी टाळ्या पिटत होते.