कवडीची गाठ

मांगीलाल गेल्याचं मला शांताबाईंनी, त्याच्या बायकोनं, स्वतः फोन करून सांगितलं. सकाळी मी गॅलरीत दाढी करत होतो. "भाऊ, ते गेले. गाडी धुता धुता खाली बसले अन् उठलेच नाई," एवढंच त्या बोलल्या... फोन तसाच चालू राहिला. पलीकडून नळ वाहत असल्याचा आवाज येत होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. अर्ध्या गालावरचा साबण वाळेपर्यंत मी तो आवाज ऐकत बसलो. आठवडे उलटले, पण लिहायला बसलो की दुःखाच्या आधी किळसच वर यायची. माणूस गेल्यावर चार गोड शब्द लिहावेत अशी रीत आहे. पण मांगीलालला गोड बोलणं कधी जमलं नाही आणि मलाही आज ते जमणार नाही.

मी जनावरांचा डॉक्टर, यवतमाळच्या कारकून-वकिलांच्या घराण्यातला. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नाही. मांगीलाल पांढरकवड्याजवळच्या तांड्यातला. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. हा थंड पेटीच्या गाड्यांतून मटण पोचवायचा. त्याची म्हैस विताना अडली तेव्हा आमची ओळख झाली. रेडकू सुखरूप बाहेर काढून मी ऐटीत चहाला ओट्यावर चढलो, तर हा खेकसला, "डॉक्टरसाहेब, हात धुतले अन् बूट काहून नाई धुतले?" गडी नम्र अजिबात नव्हता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया आणि बढाया अशा की ऐकणाऱ्यानं उठून जावं. पत्त्यात हरला की समोरच्यावर लबाडीचा आळ घ्यायचा. पण त्याच्या गाडीचं दार उघडलं की कसलाही वास यायचा नाही, मांसाचा नाही आणि फिनाईलचाही नाही. "घाला नाक आत," असं तो कोणालाही म्हणायचा, आणि घालायलाच लावायचा.

त्याचा बहुतेक माल हलाल असायचा. तांड्याजवळच्या कत्तलखान्यातून भरायचा आणि आर्णी-घाटंजीच्या मुसलमान हॉटेलांत, लग्नघरी उतरवायचा. जनावर जितं आणि धडधाकट हवं, अल्लाचं नाव घेऊन धारदार सुरीनं कापलेलं हवं, रक्त पुरतं निथळलेलं हवं, एवढं मला पेशामुळे ठाऊक होतं. पुढचं मला रफीकभाईंनी समजावलं. त्यांचं आर्णीत मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मांगीलालचे ते जुने दोस्त. "डॉक्टरसाब, कापतानी तं सगळेच नाव घेते. मधात काय मिसळलं, कोनाच्या क्रेटमंदी ठेवलं, ते कोन पाह्यते? खाणारा तं फक्त ताट पाह्यते." कत्तलखान्यापासून ताटापर्यंतच्या त्या मधल्या रस्त्यावर खाणाऱ्याकडे दुसऱ्याच्या शब्दाशिवाय काहीच नसतं. हा शब्द मांगीलालनं दिलेला असायचा.

गाड्यांच्या दाराला सील लावतात, पण तसली सीलं बाजारात पुड्यानं मिळतात. मांगीलालच्या घरची रीत निराळी होती. माल भरला की शांताबाई स्वतः कत्तलखान्यावर जायच्या, दाराच्या कड्यांतून लाल-काळा गोफ ओवायच्या आणि त्यात कवडी गुंफून गाठ मारायच्या. मिठाच्या गोण्यांची तोंडं त्यांच्या घरातल्या बायका पूर्वी अशीच बांधायच्या म्हणे. ती गाठ सुटत नसे, कापावीच लागे, आणि कापायची ती माल घेणाऱ्यानंच. त्या वेळी मांगीलाल हात पाठीमागे बांधून चार हात दूर उभा राहायचा. मी एकदा चेष्टा केली, "काय रे, शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा राहतोस?" तर म्हणाला, "माह्या हाताचा संशय नाई आला पाह्यजे कोनाले." कापलेली कवडी मात्र तो आठवणीनं परत घ्यायचा आणि घरी नेऊन बायकोच्या हातावर ठेवायचा.

या गाड्या एका शेठसाठी धावायच्या. त्याचं नाव लिहून मी हा कागद बाटवणार नाही. हायवेला त्याचं कोल्ड स्टोरेज आहे. बाहेर काचेचं ऑफिस, अगरबत्ती, पाहुण्याला चांदीच्या वाटीतून बडीशेप... आणि मागे नाक दाबूनही चुकवता न येणारा आंबूस वास. परत आलेला, वितळून पुन्हा गोठवलेला माल तिथं महिनोन्‌महिने पडून असायचा. एकदा कामासाठी मी मागच्या बाजूला गेलो, तर घरी येऊन आंघोळ केल्याशिवाय पाण्याचा घोट घेववला नाही.

रफीकभाईंच्या मुलीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या जावयाकडचं वलीम्याचं, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीचं, जेवण आर्णीतच होतं. मटणाची जबाबदारी रफीकभाईंनी हौसेनं स्वतःकडे घेतली, ऑर्डर शेठकडे दिली आणि गाडी मांगीलालचीच हवी असं बजावलं. शांताबाईंनी गाठ मारली. वाटेत शेठनं मांगीलालला ऑफिसात बोलावून घेतलं. चहा पाजला, त्याच्या शर्टाची तारीफ केली, तुझ्यासारखा माणूस सगळ्या जिल्ह्यात नाही म्हणाला. ही तारीफ मांगीलालला चहापेक्षा गोड लागली. बाहेर येऊन त्यानं गाठ पाहिली. ती शाबूत होती, म्हणून तो निघाला.

मी पाहुणा म्हणून मांडवात होतो. स्वयंपाक करणारे भटारी मसाला भाजून मटणाची वाट पाहत होते. गाडी लागली, रफीकभाई कात्री घेऊन पुढे झाले. मांगीलाल सवयीप्रमाणे मागे सरकला, आणि एकदम ओरडला, "थांबा!" दुरून त्याला दाराची दुसरी बाजू दिसली होती. बिजागरीच्या स्क्रूंवरचा रंग ताजा खरवडलेला होता. तो ऑफिसात चहा पीत असताना शेठच्या माणसांनी गाठीला हात न लावता बिजागरीकडून दार उचकटलं होतं.

गाठ कापली. दार उघडताच वास आला... मांगीलालच्या गाडीतून वास! बाहेरच्या रांगेत कत्तलखान्याचे क्रेट होते, आत परकेच क्रेट, त्यांवर हलालचे कोरे करकरीत हिरवे स्टिकर. चांगलं मटण शेठनं दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळवलं होतं, हे मागाहून कळलं. मी एक तुकडा उचलून दाबला. काळपट, चिकट, रक्त आतच साकळलेलं. ते जनावर सुरीखाली येण्याआधीच मेलेलं असणार, असं मी त्यांना तिथंच सांगितलं. आयुष्यभर मेलेली ढोरं चिरली, पण तो तुकडा टाकून मी मातीनं हात घासत राहिलो. मेलेल्या जनावराचं मांस, त्यावर हिरवा स्टिकर, आणि ते वाढायचं कुठं तर नव्या सुनेच्या पहिल्या पंगतीत!

मांगीलालनं शेठला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. "अरे, पाहुने आले ना? मग वाढून मोकळे व्हा," शेठ म्हणाला. "बिस्मिल्ला म्हना अन् खा म्हनाव. मटन ते मटन. अन् तुले काय करायचं हाय बे? तू तं हिंदू आहे."

"मी कसंबी खातो शेठ," मांगीलाल म्हणाला, "पण हा माल माह्या नाई, ह्यायचा आहे. जसा घेतला तसाच द्याचा असते." फोन ठेवल्यावर तो रफीकभाईंकडे वळला. "काहीच नका उतरवू. पुढचे क्रेटबी नाई. सगळ्याले लागलं ते." त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. रफीकभाईंनी जावयाच्या वडिलांना बाजूला नेऊन खरं ते सांगितलं. मुलीच्या सासरी पहिल्याच दिवशी बापाची मान खाली गेली. त्या दिवशी पंगतीला दुधी घातलेल्या डाळीचा दालचा आणि भात वाढला. मांगीलालनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

तक्रार झाली. शेठनं स्टिकर दाखवले आणि सुटला. मांगीलालचं काम मात्र त्यानं त्याच आठवड्यात तोडलं. एक गाडी सोडून बाकीच्या विकाव्या लागल्या. चहाच्या टपरीवर लोक त्याला विचारायचे, "त्यायच्या खाण्यासाठी तू कायले मरून राह्यला?" माझ्या सुशिक्षित मित्रांनी हाच प्रश्न मला जरा शुद्ध भाषेत विचारला. मला या सगळ्यांची त्या क्रेटमधल्या मांसाइतकीच शिसारी येते. आपल्याला जे खायचं नाही ते सडलं तरी चालेल, असं हसत म्हणणारी माणसं देवाच्या प्रसादाचं तूप शुद्ध हवं म्हणून दुकानदाराशी भांडतात.

आणि तरी सगळ्यात ओंगळ गोष्ट पुढेच होती. मांगीलालच्या शोकसभेत शेठ पहिल्या रांगेत बसला. "मांगीलाल माझा उजवा हात होता," असं माईकवरून सांगताना त्यानं रुमालानं कोरडे डोळे पुसले. नंतर सगळ्यांना नाश्त्याचे डबे वाटले. डब्यावर नवा स्टिकर होता. लाल-काळा गोफ, मधोमध कवडी आणि खाली छापलेलं: विश्वासाची गाठ. जो माणूस गाठ चुकवून बिजागरीच्या बाजूनं शिरला, त्यानं मांगीलाल गेल्यावर ती गाठच पळवली होती. माझ्या हाताला काही घाण लागल्यासारखं झालं. डबा खुर्चीखाली ठेवून मी बाहेर आलो आणि भिंतीशी वाकून ओकलो.

मागच्या आठवड्यात तांड्यात गेलो होतो. शेठचा माणूस येऊन गेल्याचं शांताबाईंनी सांगितलं. घरबसल्या गाठी बांधून द्या, पोतंभर, आम्ही आमच्या गाड्यांना लावू, असं म्हणत होता. "मी म्हनलं, माल पाह्यल्याबिगर गाठ नाई मारत आमी. अन् तुह्या माल पाह्याले मले उलटी येते." हे सांगताना त्या पहिल्यांदा थोडं हसल्या.

उरलेली गाडी रफीकभाईंनी घेतली आहे. त्यांचा भाऊ ती चालवेल, गाठ शांताबाईच मारतील. त्याच दिवशी ते ताबा घ्यायला आले तेव्हा गाडी निंबाखाली धुऊन उभी होती. आत काहीही नव्हतं, तरी दाराला गाठ होती. रफीकभाईंनी आधी बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं, एकेक स्क्रू तपासला, मग कात्री लावली. मी सहज वळून पाहिलं... शांताबाई चार हात दूर, हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. दार उघडल्यावर रफीकभाईंनी कापलेली कवडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, घाला नाक आत."

मी घातलं. कसलाही वास नव्हता.