काठाचे चार कान

जगातल्या कुठल्याही दुःखाचं मूळ शोधत गेलं, तर शेवटी चुकीचा लाटलेला पत्रा सापडतो असं मानणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. वसमतला येऊन राहण्याआधी साडूंनी सगळी नोकरी ॲल्युमिनियमचा पत्रा लाटणाऱ्या कारखान्यात काढली. पत्रा रुळांतून काढला की आतले कण एका दिशेला तोंड करून बसतात, भट्टीत तापवला की दिशा बदलतात, आणि या दोहोंचा मेळ चुकला की त्या पत्र्याचं पातेलं दाबताना काठाला चार उंचवटे येतात. त्यांना कान म्हणायचं; ते कापल्यावरच काठ सरळ होतो. हे ज्ञान त्यांनी न्हावी, कंडक्टर आणि आमच्या सासूबाई यांना सारख्याच श्रद्धेने दिलेलं आहे. पंगतीत ते वाढप्याला थांबवून पातेल्याच्या कापलेल्या काठावरही कानाची खूण शोधतात. एकदा भांड्यांच्या दुकानात ते इतका वेळ झाकण्या न्याहाळत उभे राहिले, की दुकानदाराने करखात्याचा माणूस समजून न विचारता बिलबुकं काढून समोर ठेवली.

यंदा त्यांच्या लेकीला कळमनुरीचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचा पातेली दाबण्याचा लहानसा कारखाना. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता. बोलणी करायला आलेल्या व्याह्यांनी कौतुकाने एक नवंकोरं, अजून काठ न कापलेलं पातेलं साडूंच्या हातात दिलं.

"तुमी जाणकार माणूस. सांगा बरं, कसं जमलं?"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साडू पातेलं गोल फिरवून पाहत होते. चारही कान मलासुद्धा दिसत होते. चहाचा ट्रे घेऊन आलेली पोरगी मुलाकडे नाही, बापाकडे पाहत होती.

"बराबर हाय," साडू म्हणाले. "काठ एकदम सरळ हाय."

व्याही खूश झाले, पोरगी हसली, आणि लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर साडू ओट्यावर येऊन बसले. त्या दिवशी मला त्यांचं फार प्रेम आलं. मिठी मारायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी पान पुढे केलं.

"कान व्हते भाऊ. चारी बी व्हते."

"दिसले मला. पण पोरीला कुठं कळलंय?"

"न्हाई कसं? म्हणून तर हसली. लहानपणापासून मीच शिकवलंय तिला."

पत्र्याचं त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं घरात तेवढं एकच माणूस होतं, आणि ते आता कळमनुरीला चाललं होतं.