दार कुठं पायजे

माझी नोकरी बोथच्या सरकारी शाळेत, नवऱ्याची आदिलाबादच्या एका कचेरीत. लग्नापासून आम्ही भाड्याच्या घरांत राहत होतो. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात नवऱ्यानं एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथं आपलं घर बांधायचं, हे त्याचं जुनं वेड. मला मात्र तयार घर हवं होतं. माझ्या वडिलांनी घर बांधलं तेव्हाची त्यांची दशा मी पाहिली होती. कधी वाळू नाही, कधी मेस्त्री गावाला गेलेला, आणि वडील घसा बसेपर्यंत फोनवर. आम्ही दोघं नोकरीवर, मग बांधकामावर उभं कोण राहणार? एवढं विचारलं की नवरा विषय बदलायचा.

अशात मावल्यातच एक घर विकायला निघालं. मालक तेलुगू, नवरा-बायको दोघंही निवृत्त, हैदराबादला मुलाकडे चाललेले. आम्ही बघायला गेलो ते सासूबाईंना घेऊनच. बोअरला भरपूर पाणी, मागं कढीपत्त्याचं झाड, पूर्वेला दार. सगळं वास्तूप्रमाणे आहे, हे मालकांनी दोनदा सांगितलं. सासूबाईंनी भिंतींवरून हात फिरवला, नळ उघडून बघितला, आणि मालकीणबाईंना ‘बागुंदी, बागुंदी’ म्हणून घराची तारीफ केली. प्लॉट विकून हेच घ्यायचं, असं मी मनात पक्कं केलं. परतताना नवराही म्हणाला, घेऊन टाकू.

घरी चहा घेताना त्यानं आईला विचारलं. सासूबाईंची उमर नार्नूरकडे लोकांच्या शेतात राबण्यात गेली होती. आधी मालकाच्या शेतातली खोपी, मग दिराची ओसरी, मग मुलाला नोकरी लागल्यावर आमची भाड्याची घरं. त्यांनी कप खाली ठेवला.

“घर चांगलंच हाय,” त्या म्हणाल्या. “पण जलमभर मी दुसऱ्यानं ठेवलेल्या दारातून आत-बाहेर केलं. एकडाव मले कोणी इचारावं, दार कुठं पायजे म्हणून.”

माझ्याकडं तयार घराच्या बाजूनं पुष्कळ मुद्दे होते. ते सगळे मी बाजूला ठेवले.

“मग सांगा ना आई,” मी म्हटलं, “कुठं पायजे?”

“रस्त्याकडं. तू बसमधून उतरली का मले दिसली पायजे.”

तयार घराचा विचार सोडून आम्ही प्लॉटवरच बांधायला घेतलं. रस्ता प्लॉटच्या दक्षिणेला. मेस्त्रीनं हात जोडले. दक्षिणेला दार आमच्याकडं कोणी ठेवत नाही, म्हणाला. सासूबाईंनी त्याला आपल्या मोडक्या तेलुगूत समजावलं, की चारी दिशांच्या उन्हात राबून झालंय, आता कोणत्याच दिशेची भीती वाटत नाही. त्यानं दार ठेवलं आणि चौकटीला गुपचूप एक लिंबू बांधलं. त्याच्या जिवाला बरं वाटतं तर राहू दे, असं म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

मी ज्याला भ्यायले होते ते सगळं झालंच. वाळू अडली, मेस्त्री पुतण्याच्या लग्नाला गेला तो लवकर आलाच नाही, आणि नवऱ्यानं पुस्तकांसाठी योजलेली खोली जिन्यानं गिळली. पण बांधकामावर उभं कोण राहणार, हा प्रश्न उरला नाही. सासूबाई सकाळीच छत्री आणि डबा घेऊन जायच्या, भिंतींवर पाणी मारायच्या, मजूर बायांशी गप्पा मारायच्या. संध्याकाळी आल्या की दिवसभराचं काम मला सांगितल्याशिवाय जेवायच्या नाहीत.

स्वयंपाकघराचा ओटा घालायचा होता त्या दिवशी मी शाळेत होते. किती उंच, म्हणून मेस्त्रीनं विचारलं तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवला. त्या माझ्या खांद्याला लागतात. राहायला गेल्यावर मी वाकून पोळ्या लाटताना त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. फोडून उंच करू का, म्हणून विचारत राहिल्या. मी ऐकलं नाही.

आयुष्यभर त्यांनी चुलीपुढं उकिडवं बसून भाकरी थापली. आता त्या ओट्यापाशी ताठ उभ्या राहून थापतात. सुटीच्या दिवशी पोळ्या मी करते, जरा वाकून.