प्लगजवळची खुर्ची

वाचनालयाच्या कार्यवाहांनी कपाटातून रूम फ्रेशनरचा डबा काढला आणि माझ्या बापाच्या अंगावर फवारला. पटक्यावर. खांद्यावरच्या घोंगडीवर. मग त्याच्या खुर्चीभोवती. कपाशीवर औषध मारतात तसं.

आबानं हात जोडले. हसला. म्हणाला, "लई गोड वास हाय, साहेब."

मांडवात पाहुण्यांवर अत्तर शिंपडतात, तसंच काहीतरी असेल असं म्हाताऱ्याला वाटलं, असं समजून सगळे हसले. स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी पुस्तकात तोंड घालून हसली. मी कानातला हेडफोन काढला.

आम्ही धनगर. फुलंब्रीच्या पुढं गाव. घरी मेंढरं. मी बी. ए. झाले आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळवलं. लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं, मराठीत टाईप करायचं. कंपनी म्हणते, कुठूनही करा. हे 'कुठूनही' ज्यांच्या घरात वेगळी खोली आहे त्यांच्यासाठी. आमच्याकडं पत्र्याचं घर. लाईट गेली की कधी येईल ते कुणी सांगत नाही. रेंजला टाकीवर चढावं लागतं. म्हणून रोज एसटीनं संभाजीनगर.

एवढं मोठं शहर, पण बसायला जागा नाही. कॅफेत चहा संपला की पोऱ्या टेबल पुसायला येतो. पुसलेलंच परत पुसतो. बागेत वॉचमन म्हणाला, "अकेली लडकी इत्ती देर नक्को बैठो." बसस्टँडवर प्लग मिळाला, पण माझं कामच ऐकायचं. तिथं गाड्यांच्या आवाजात काय ऐकणार? एकदा मोठ्या दवाखान्यात बाकड्यावर बसले, कुणाची तरी नातेवाईक असल्यासारखी. नर्सनं विचारलं, "पेशंट कोण तुमचा?" मी लॅपटॉप मिटला आणि निघाले.

मग हे सार्वजनिक वाचनालय सापडलं. कोपऱ्यात खिडकी, खिडकीखाली प्लग, प्लगजवळ खुर्ची. कार्यवाह रिटायर्ड प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणायचे. मला म्हणाले, "खेड्यातून येऊन लॅपटॉपवर काम करतेस, कौतुक आहे." चार लोकांना दाखवायचे मला. मलाही ते गोड लागायचं. वाटायचं, झालं, आपली जागा झाली.

त्या दिवशी आबा शहरातल्या छावणीच्या आठवडी बाजारात मेंढरं विकायला आला होता. बाजार उरकून मला बघायला आला. लेक कुठं बसते, काय करते, त्यानं कधी बघितलं नव्हतं. माझ्या शेजारी खुर्चीवर बसला आणि स्क्रीनकडं बघत राहिला. तेवढ्यात सर उठले.

फवारून झाल्यावर आबा म्हणाला, "चल बाई, एसटी गाठतो." मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले. चपला घालताना खाली बघतच तो बोलला.

"कळलं मला ते. येडा नाय मी."

"मग हसला कशाला, आबा?"

"तुझी जागा जाईल म्हनून."

आणि तो गेला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी जिन्यात उभी होते. उन्हातान्हात रान तुडवलेला माणूस. लांडग्यापुढं काठी घेऊन उभा राहणारा. एका प्लगसाठी हसला.

मी आत आले. सरांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"माझ्या बापाच्या अंगावर का फवारलं?"

"वास येत होता. इथं सभ्य लोक बसतात."

"बाहेर सार्वजनिक लिहिलंय, सर."

ते शांतपणे म्हणाले, "सार्वजनिक म्हणजे कुणीही नव्हे. आणि तुला आम्ही बसू देतो, हे विसरू नकोस."

बसू देतो. तेव्हा उजेड पडला डोक्यात. ती खुर्ची माझी कधीच नव्हती. बाप लपवला तर मी कौतुकाची. बाप शेजारी बसला तर मीही वासाची.

मी म्हणाले, "मग बाजाराच्या दिवशी तो परत येईल. इथंच बसेल." आणि जाऊन खुर्चीवर बसले. सरांनी उठून प्लगचं बटण बंद केलं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. स्क्रीन काळी झाली. काम अर्ध्यात राहिलं. रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या, माझ्या डब्यातली भाकर खाणाऱ्या पोरीनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला होता. लॅपटॉप आणण्यास मनाई. कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं की शांत जागा आणि लाईटची सोय झाली की बोलू. सोय झाली नाही. काम दुसऱ्या कुणाला गेलं.

बाजाराच्या दिवशी मी आबाला म्हणाले, चल माझ्याबरोबर. तो म्हणाला, "नको बाई. मला तिथं नाय जमायचं." किती विनवलं. नाहीच आला.

मी जाते. लॅपटॉप नाही, काम नाही. पेपर घेऊन त्याच खुर्चीवर बसते. माझ्या टेबलाला कुणी बसत नाही. सर बघतात, पण बोलत नाहीत. यानं काही बदलेल असं मला वाटत नाही. मला तिथं करमतही नाही. पण आता कुणाला विचारून बसणार नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून उठणार नाही. उठवायचंच असेल, तर दंडाला धरून उठवावं लागेल. त्या सगळ्या सभ्य लोकांच्या देखत.