मागच्या सीटवरचे पुंडलिकभाऊ

श्री. पुंडलिकराव टिकार यांना साठ वर्षे पूर्ण होत असल्याने निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लेख लिहावा, असे समितीने मला कळवले. पत्रात खाली असेही होते की, लेखात पुंडलिकरावांच्या कार्याचा आढावा असावा, "त्या वळणाचा उल्लेख शक्यतो टाळावा". समितीतील मंडळी खामगावचीच आहेत, त्यामुळे त्यांना काय म्हणायचे आहे ते मला कळले. पण पुंडलिकरावांवर लिहायचे आणि वळण टाळायचे, हे मला जमणार नाही. समितीला लेख नको असल्यास तिने तो परत पाठवावा.

आमची पहिली भेट भांडणाने झाली. महाराष्ट्र राज्य नवे होते आणि मी खामगावच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. पिंपळगाव राजा या गावच्या मुली चौथी झाली की घरी बसत, कारण शाळेच्या वेळेला सोयीची एसटी नव्हती. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकांनी आपली जुनी स्टेशन वॅगन शाळेला देऊन टाकली. मी पिंपळगावला जाऊन पालकांची सभा घेतली. तिथे एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, पोरी देतो तुमच्या गाडीत. पन गाडीचा अन् पोरींचा इमा काढला त्याचा कागद आधी दाखवा. मंगच." अट रास्त होती आणि मी ती मान्य केली. नंतर विम्याची चौकशी केली तेव्हा कंपन्यांनी सांगितलेला हप्ता ऐकून आमच्या मंडळाचे चिटणीस बापूसाहेब गाडी परत करायच्या गोष्टी करू लागले. गाडी परत गेली असती तर त्या मुली पुन्हा चुलीपाशी गेल्या असत्या. म्हणून गावात विम्याचे काम करणाऱ्या पुंडलिकरावांना बोलावले.

ते आले. धोतर, काळी टोपी, बगलेत छत्री. खुर्चीवर न बसता त्यांनी विचारले, "गाडी कोन चालवनार?"

"शंकर," बापूसाहेब म्हणाले. "फौजेत ट्रक चालवलाय त्याने. एकही अपघात नाही."

"मंग चला पिंपळगावले. शंकर चालवन, मी मागं बसतो."

"आत्ता? भर दुपारी?"

"भर दुपारीच जा लागते, बापूसाहेब."

माझा वर्ग बुडणार होता. तसे मी त्यांना स्पष्ट सुनावले आणि तरीही गाडीत बसले, कारण हा गृहस्थ काय करतो ते मला पाहायचे होते.

पिंपळगावच्या रस्त्यावर एका नाल्याची फरशी ओलांडली की बाभळीच्या बनातून एक वळण जाते. आजही आहे. दिवसभर वाहने जातात, बैलगाड्या जातात, त्यात विशेष काही नाही. शंकरने ते वळण सफाईने घेतले. थोडे पुढे गेल्यावर मागून पुंडलिकरावांचा आवाज आला, "शंकर, वळनावर कोन होतं?"

"कोनी नव्हतं, भाऊ."

"नीट आठव."

"रस्ता मोकळा होता ना भाऊ. काऊन?"

"काई नाई. गाडी फिरव."

परतीच्या वाटेवर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. शाळेच्या फाटकाशी उतरून पुंडलिकराव बापूसाहेबांना म्हणाले, "याचा इमा मी काढत नाई."

बापूसाहेब संतापले. "अहो, फौजेतला माणूस! कोणतीही कंपनी याला सगळ्यांत कमी हप्ता लावील!"

"लावन ना. कंपनी लावन. मी सही करत नाई."

मी विचारले, "तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे का?"

"मी कुठं भूत म्हनलो, बाई? मी इचारलं कोन होतं. भूत तं तुमीच म्हनल्या."

मला राग आला. मी म्हणाले, माझ्याकडे लायसन आहे, नागपूरला कॉलेजात असताना वडिलांची मोटार चालवली आहे, मी चालवते. बापूसाहेबांना ते पसंत नव्हते. पुंडलिकरावांनी मात्र छत्री उचलली आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

पुढचे मी जसे घडले तसे लिहिते. फरशी ओलांडली. वारा पडला होता आणि बाभळीचे एक पानसुद्धा हलत नव्हते. वळणाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी डोक्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भारा घेऊन पाठमोरी उभी होती. आता रस्ता ओलांडणार, अशी. मी जोरात ब्रेक दाबला. बापूसाहेबांचे डोके काचेला लागता लागता राहिले. मी हॉर्न वाजवला. ती हलली नाही. मी गियर काढायला नजर खाली घेतली आणि वर पाहिले तेव्हा रस्ता रिकामा होता. नाल्यात कोणी उतरले नव्हते, बनात कोणी शिरले नव्हते. कोरड्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आवाज न करता कोणाला चालता येत नाही. आवाज झाला नव्हता.

"काय झालं बाई? का थांबलात?" बापूसाहेबांनी विचारले.

मागून पुंडलिकराव शांतपणे म्हणाले, "कोन होतं?"

मी सांगितले. लुगड्याचा रंगसुद्धा सांगितला. बापूसाहेब माझ्याकडे बघत राहिले. "कोणी नव्हतं हो," ते म्हणाले.

"बाईंचा इमा मी काढतो," पुंडलिकराव म्हणाले. "नसलेल्या मानसासाठी जे थांबते, ते असलेल्यासाठी थांबनच."

आता त्यांच्या कामाविषयी. माझ्यासारख्या ड्रायव्हरचा विमा स्वस्तात काढणे सोपे नव्हते. कंपन्यांच्या दृष्टीने माझ्यात सगळेच दोष होते. ड्रायव्हर बाई, गाडी जुनी, आत मुली. एका कंपनीने तर उलट विचारले की, बाईंचे यजमान गाडी का चालवत नाहीत. पुंडलिकराव अकोल्याला गेले, नागपूरला गेले, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी हप्त्याचा एकेक भाग सोडवून घेतला. गाडीच्या मोडतोडीचा विमा काढूच नका, असे त्यांनी आम्हाला सांगितले. गाडीची किंमत ती काय! सगळा भर रस्त्यावरच्या माणसांवर आणि आतल्या मुलींवर ठेवा. गाडी फक्त शाळा ते पिंपळगाव एवढीच चालेल आणि चालवतील फक्त बाई, असे लिहून दिल्याने आणखी थोडे उतरले. रात्री गाडी शाळेच्या आवारात, कुलुपात. शेवटी शाळेला झेपेल असा हप्ता ठरला. पॉलिसीचा कागद मी पिंपळगावच्या चावडीवर सगळ्यांदेखत वाचून दाखवला, आणि पुढच्या सोमवारी मुली फाटकात उभ्या होत्या.

असे त्यांनी कितीकांचे केले. जळगाव जामोदच्या एका वृद्ध डॉक्टरांना वयामुळे सगळ्यांनी नाकारले होते. पुंडलिकरावांनी त्यांच्या पुतण्याचे नाव दुसरा ड्रायव्हर म्हणून घातले आणि अंधार पडल्यावर पुतण्यानेच चालवायचे, हे डॉक्टरांकडून कबूल करून घेतले. एका टॅक्सीवाल्याला त्यांनी बजावले, "मडगार्ड चेपलं म्हनून कंपनीकडे पळत जाऊ नको. दावा नाई केला तं पुढच्या साली सूट भेटते. ठोकून घे लोहाराकडून." नवशिक्यांना ते आधी एक वर्ष जुन्या गाडीवर हात बसवायला लावत आणि मगच नव्या गाडीचा अर्ज भरत. अपघात झालाच तर सगळ्यांच्या आधी दवाखान्यात तेच. ग्राहकाच्या घरी पाण्याखेरीज काही घेत नसत, आणि ते पाणीही उभ्यानेच.

हे सगळे खरे. पण अर्ज भरण्याआधी यातल्या प्रत्येकाला त्यांनी भर दुपारी त्या वळणावर नेले होते आणि स्वतः मागे बसले होते, हेही तितकेच खरे. डॉक्टरांना तिथे एक बाळंतीण दिसली. टॅक्सीवाल्याला एक बैल दिसला, एका शिंगाचा. पुंडलिकरावांनी याचा अर्थ कोणाला सांगितला नाही. विचारले तर म्हणत, "ज्याचं त्याले माहीत."

गावात त्यांच्याबद्दल वाईट बोलले गेले. भाऊ ज्याला नाही म्हणतात त्याचे आयुष्य संपले, असे लोक म्हणत. ते रस्त्याने निघाले की मोटारवाले नजर चुकवत. लग्नाच्या मांडवात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिलेली मी पाहिली आहे. म्हणून इथे स्पष्ट लिहिते की, शंकर धडधाकट आहे, शेगावकडे ट्रक चालवतो, त्याला मुलेबाळे आहेत. एका वासराखेरीज त्याच्या गाडीखाली कोणी आलेले नाही. ते वासरू दिसलेच नाही, असे तो आजही सांगतो, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे.

पुंडलिकराव स्वतः गाडी चालवत नाहीत. तरुणपणी त्यांच्याकडे मोटार होती, हे जुन्या लोकांना आठवत असेल. एकदा मी विचारले, ती का विकली?

"मले तिथं कोनीच दिसत नाई, बाई," ते म्हणाले. "कितींदा गेलो. सकाळी गेलो, दुपारी गेलो. रस्ता आपला रिकामाच. मंग मी कोनत्या तोंडानं चालवू?"

दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःला लावणारी माणसे मी शिक्षणखात्यात फारशी पाहिली नाहीत. मोटार विकली त्या दिवसापासून ते मागच्या सीटवर बसतात.

मी ती गाडी वर्षानुवर्षे चालवली. सकाळी मुली आणायच्या, दुपारी पोचवायच्या. दुपारी वळणावर म्हातारी असे, तशीच, पाठमोरी. मी थांबे. मुली विचारत, "बाई, काऊन थांबता रोज?" मी सांगे, "जाऊ दे त्यांना." कोणाला, ते एकीनेही विचारले नाही. मुलींना सवय झाली होती. मलाही झाली होती, आणि धोका तिथेच होता.

एका दुपारी वळण आले आणि तिथे कोणी नव्हते. मी गाडी तशीच पुढे नेली आणि काही अंतरावर माझ्या लक्षात आले की आपण थांबलो नाही. माझ्या मागे गाडीभर मुली होत्या. मी गाडी बाजूला घेतली, किल्ली काढली, मुलींना खाली उतरवले. म्हणाले, दप्तरे घ्या, आज चालायचे. उन्हात आम्ही पिंपळगावपर्यंत पायी गेलो. पालकांना मी गाडी बिघडल्याचे सांगितले नाही. मी सांगितले की उद्यापासून मी चालवणार नाही, दुसरा माणूस मिळेपर्यंत मुलींना आठवडाभर घरी ठेवा. जे गृहस्थ पहिल्या सभेत उठले होते त्यांनीच विचारले, "आता काय झालं, बाई? डोळे गेले काय?" मी म्हणाले, तसेच समजा.

पुंडलिकरावांनी ऐकून घेतले. सांत्वन केले नाही, ते मला आवडले. "मंग आता दुसरा हात पाहू," एवढेच म्हणाले. कंपन्या तोवर सरकारी झाल्या होत्या, साहेब बदलले होते, नाव बदलायचे म्हणजे सगळे नव्याने. मुली पुन्हा घरी राहतात की काय, ही टांगती तलवार होतीच. पहिल्या वर्षी माझ्या गाडीत बसलेली कुसुम ठोंबरे बी. ए. होऊन आमच्याच शाळेत शिक्षिका झाली होती आणि तिने नुकतेच लायसन काढले होते. नवशिकी, बाई, वय कोवळे. हप्ता कमी लागावा असे तिच्यात काहीच नव्हते. पुंडलिकरावांनी छत्री उचलली.

ती दोघे गेली तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होते. परीक्षा चालू होती, फळ्यावर सूचना माझ्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या आणि मी वर्ग सोडून कुठेही गेले नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. घंटा झाल्यावर कार्यालयात आले तर कुसुम पाण्याचा पेला हातात धरून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. पुंडलिकराव टेबलावर अर्ज भरत होते.

"थांबली का?" मी विचारले.

"चांगली थांबली. ब्रेक मस्त हाये पोरीचा." त्यांनी मान वर केली. "सांग ना कुसुम. आपल्याच बाई हायेत."

कुसुम म्हणाली, "बाई, तिथं तुम्ही उभ्या होत्या. पाठमोऱ्या."

मी शिक्षिका आहे. मी विचारले, "पाठमोरी, तर मग मीच होते कशावरून?"

"सगळी शाळा तुमच्या मागं बसून शिकली ना बाई मी," कुसुम म्हणाली. "तुमची पाठ ओळखू येत नाई काय मले?"

पुंडलिकराव अर्जाकडे वळले. ती पॉलिसी त्यांनी माझ्यापेक्षाही कमी हप्त्यात मिळवली. कशी, ते नव्या साहेबांनाच ठाऊक. मुली पुढच्या सोमवारी आल्या आणि आजही येतात. कुसुम रोज दुपारी वळणावर थांबते आणि शाळेत परतल्यावर मला काही सांगत नाही. मीही विचारत नाही. मी शाळेत, माझ्या खुर्चीवर, ठणठणीत आहे.

पुंडलिकरावांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. त्यांचे गुडघे मागच्या सीटवर चढण्याइतके बळकट राहोत. आपल्या जिल्ह्यात गाड्या वाढताहेत, आणि त्यांच्या प्रश्नाला खरे उत्तर देतील अशा ड्रायव्हरांची गरज त्याहून वाढते आहे. ज्या वळणावर मी रोज दुपारी उभी असते असे म्हणतात, तिथून त्यांनी आणखी पुष्कळ वर्षे जावे. त्यांना मी दिसणार नाही, याचे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पुढे बसणारा थांबला, एवढे त्यांनी पाहावे.